सून म्हणते, ‘आई, फ्लॅट आत्ता नावावर करू नका’

निवांत_आजी:
वय ६९. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, मुलगा एकुलता एक. म्हटलं, हातपाय चालतायत तोवर बक्षीसपत्र करून मोकळं व्हावं. मुलगा लगेच हो म्हणाला. सुनेने मात्र हातातला घास ताटात ठेवला. “आई, आत्ता नको. मृत्युपत्र करा.” मला झोंबलंच. आमचं तसं भांडण नाही, पण धुसफूस असते. ती घरून काम करते. तिची मीटिंग आणि माझी कुकरची शिट्टी एकाच मुहूर्तावर! मग ती कानात ते अडकवलेलंच ठेवून येते, गॅस बारीक करते आणि एक शब्द न बोलता जाते. आमच्या वेळी सासूबाईंनी घर देऊ केलं असतं तर आम्ही पाया पडलो असतो. हिला नको का? वेगळं व्हायचं असेल का?

जुना_कारकून:
काकू, राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये (उपकर वेगळा), म्हणून लोक घाई करतात. पण एकदा नोंदणी झाली की घर त्याचं, मन बदललं म्हणून परत मिळत नाही. मृत्युपत्र हवं तितक्या वेळा बदला. फक्त दोन साक्षीदार लागतात, ते बाहेरचे घ्या. बक्षीसपत्रच करायचं असेल तर तुमच्या देखभालीची अट दस्तातच लिहा. ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. तोंडी वचनावर जाऊ नका.

मधली_सून:
आजी, राग मानू नका. ‘मुलगा लगेच हो म्हणाला’ हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत, सुनेवर मात्र अख्खा परिच्छेद. तिला सरळ विचारलंत का?

निवांत_आजी:
विचारलं. तिच्या आईने घर भावाच्या नावावर केलं होतं. दीड वर्षापासून आईचा पलंग हॉलमध्ये आहे, टीव्हीशेजारी. एवढे दिवस ती माझ्याशी हे बोलली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा. वकिलांची वेळ तिनेच घेतली आहे, मंगळवारची. मुलगा दोन दिवस गप्प आहे.