प्रतिसाद: परिसंवाद घ्या, पण चिठ्ठ्या ठेवा
'मानसिक आरोग्याच्या परिसंवादाला पोरं येतच नाहीत, मग विद्यापीठाने ते घ्यायचेच कशाला' हे वरचं म्हणणं पटलं नाही. पोरं येतात, पण बोलत नाहीत. भरल्या सभागृहात माइक हातात घेऊन 'मला झोप लागत नाही' असं कोण सांगेल? आमच्या विभागात एका बाईंनी व्याख्यानाआधी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि नाव न घालता प्रश्न लिहायला सांगितले. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच विषय: एटीकेटी लागली (विषय राहिला), घरी कसं सांगू? बाईंनी स्लाइड बंद केल्या आणि तेवढ्यावरच बोलत राहिल्या. एरवी मागच्या दाराने सटकणारी पोरंही शेवटपर्यंत बसून होती.

आणि हे सगळं १० ऑक्टोबरलाच, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, कशाला? तेव्हा अनेक ठिकाणी सत्र परीक्षा तोंडावर असते. प्रवेश झाल्या झाल्या घ्या की! निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांखाली टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही ठळक छापा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं आणि वसतिगृहात रात्री दोन वाजता समुपदेशन कक्षाला कुलूप असतानाही ती सुरू असते.