अनुभव धागा : साध्या शब्दांतली प्रार्थना

गेल्या रविवारी उपासनेनंतर एका तरुणीने सांगितले, "मला चांगली प्रार्थना करता येत नाही, म्हणून मी मोठ्याने करत नाही." पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाते असे समजू नका, हे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट असतानाही आपल्या मंडळ्यांत शब्दसंपन्न प्रार्थनेचा दबदबा आहेच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतील वाचकांनी मनातले जसेच्या तसे देवापुढे ठेवल्याचे अनुभव लिहावेत. चमत्कार घडलाच पाहिजे, अशी अट नाही.

निपाणी

मी घरी विड्या वळते. हजारामागे मजुरी मिळते आणि छाट, म्हणजे नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, जास्त निघाली की मजुरी कमी होते. एकदा माझ्या दृष्टीने चांगल्या असलेल्या विड्याही छाटीत गेल्या. त्या रात्री मी नेहमीप्रमाणे "सर्वांना क्षमा करण्याची बुद्धी दे" असे म्हणू लागले आणि मध्येच थांबले, कारण ते खरे नव्हते. मग म्हटले, "प्रभू, मला त्या माणसाचा राग आला आहे आणि तो राग जावा असेही मला वाटत नाही." दुसऱ्या दिवशी राग होताच. मात्र देवापासून तो लपवण्याचे काम संपल्यामुळे मला झोप लागली होती.

वडगाव, बेळगाव

आमची उपासना कन्नडमध्ये होते. मी कन्नड शाळेत शिकलो नाही. त्यामुळे मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेची पाळी आली की आदल्या रात्री कागदावर देवनागरीत कन्नड लिहून पाठ करत असे, आणि चूक झाली नाही याचेच समाधान घेऊन घरी येत असे. पत्नी गोकाककडची असल्याने घरात दोन्ही भाषा चालतात. भांडणेही दोन्ही भाषांत होतात. म्हणून आम्ही ठरवले आहे की ज्या भाषेत बोचरे बोललो, त्याच भाषेत रात्री दोघांनी मिळून देवाकडे क्षमा मागायची. या नियमामुळे माझे कन्नड बरेच सुधारले, हे थोडे लाजतच सांगतो. चर्चमध्ये मात्र मी आता कागद नेत नाही. अडलो तर मराठीत पुढे जातो आणि शेवटचे "आमेन" सर्वांना कळतेच.

खानापूर तालुका

आमच्या कॅथलिक घरात संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो. पाच दशके, प्रत्येकात दहा "नमो मारिया", आणि तिसऱ्या दशकापर्यंत निम्मी मुले पेंगलेली. तेर्स संपला की आजी प्रत्येकाला दिवसाबद्दल एक वाक्य देवाला सांगायला लावत असे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना चिडून म्हणालो, "आज मला प्रार्थना करायचीच नाही." आई रागावली, पण आजी म्हणाली, "हे त्यालाच सांगितलंस न्हवं? मग झाली की तुझी प्रार्थना."

चिक्कोडी

तोडलेला ऊस फडात पडून होता, म्हणून पाऊस थांबावा असे मी मागत होतो. बांधापलीकडे माझा चुलतभाऊ हरभऱ्यासाठी पाऊस मागत होता. रविवारी आम्ही एकाच बाकावर बसलो आणि हे एकमेकांना सांगून हसलो. तेव्हापासून मी शेताबद्दल फक्त परिस्थिती सांगतो.

बेळगाव कॅम्प, निवृत्त शिक्षक

पाठ केलेली प्रार्थना म्हणजे अप्रामाणिक, असा सूर या धाग्यात लागू नये, म्हणून लिहितो. शिष्यांना प्रार्थना शिकवताना येशूने ठरावीक शब्दच दिले, आणि "किती काळ मला विसरशील?" असे देवाला विचारणारे तेरावे स्तोत्रही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठच केले आहे.

माझा मुलगा वारला, तेव्हा स्वतःचे शब्द माझ्याजवळ उरले नव्हते. सकाळी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढेच सुरू करता येत असे. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे वाक्य आले की मी गप्प राहायचो आणि रोजच्या भाकरीपासून पुढे म्हणायचो. चर्चमध्ये सर्वांसोबत म्हणतानाही तेवढ्यापुरते ओठ मिटत असत, आणि शेजारी उभ्या असलेल्या पत्नीला ते कळत असे. ती काही बोलली नाही. असे चार महिने चालले. मी ते वाक्य गाळत होतो, हे देवाला वेगळे सांगण्याची गरज होती असे मला वाटत नाही.

आता म्हणतो. रोज नाही.