‘जोम’, ‘जोमु’ आणि ‘बधिर’

प्रश्न (खानापूरहून): दाढ काढून घरी आलो, तर शेजारच्या अक्कांनी विचारलं, ‘जोमु हिडिदिदे?’ धाकटी गोंधळली. दाढ काढल्यावर जोम कसा येईल? कन्नडात ‘जोमु’ म्हणजे बधिरपणा, आपल्यात ‘जोम’ म्हणजे जोर. त्यावरून मनात आलं, आपण तर इंजेक्शन, विंचू, मण्यार, सगळ्यालाच ‘नस बधिर झाली’ म्हणून मोकळे होतो. हे बरोबर आहे का?

उत्तर (निपाणीहून): इंजेक्शनपुरतं बरोबर, बाकी दोन्हीला चूक. आपल्याकडे उसाला पाणी पाजताना ‘दारं धरतात’ ना, तेच डोळ्यांसमोर आणा. नस ज्या पेशींची बनते त्या चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. पेशीच्या पडद्यात प्रथिनांची दारं असतात, इंग्रजीत ‘चॅनेल’. संदेश आला की सोडियमचं दार उघडतं, सोडियम आत घुसतो, आणि साधारण एका मिलिसेकंदात ते दार मिटतं. मग पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्वस्थितीला येते. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी माकूळ (स्क्विड) या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर मोजमापं करून १९५२ मध्ये हे गणितासकट मांडलं. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ‘चॅनेल’ला वाहिनी म्हणतात खरं, पण वाहिनी म्हटलं की सतत वाहणारं काहीतरी वाटतं. इथे सगळं महत्त्व उघडमिटीला आहे, म्हणून मला ‘दार’च पटतं.

दाढेच्या इंजेक्शनमधलं लिडोकेन सोडियमचं दार अडवतं. कळ निघते, पण पुढे जात नाही. हे खरं बधिर, अक्कांचा जोमु. फुग्या माशातलं टेट्रोडोटॉक्सिन हे विषही तेच दार बंद करतं, फक्त श्वासाचे स्नायूही थांबेपर्यंत.

लाल विंचवाचं अगदी उलट. त्याच्या विषाने दार वेळेवर मिटतच नाही. नस थांबायच्या ऐवजी पुन्हापुन्हा पेटते. ठणका, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुढे हृदयावर ताण. हा नसेचा नको तितका ‘जोम’ आहे. त्याला बधिर म्हणणं म्हणजे उलटा अर्थ सांगणं.

मण्यारीत तिसरंच. तिचं विष मुख्यतः चेतातंतूच्या टोकावर घाव घालतं. नसेतून संदेश येतो, पण स्नायूपर्यंत पोचवणारं रसायन सुटत नाही. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. इथे शब्द ‘लुळा’. माणूस निपचित दिसला तरी त्याला ऐकू येत असू शकतं, म्हणून त्याच्या उशाशी ‘गेला’ असं कुणी म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती.

पुन्हा प्रश्न: मग विंचू चावल्यावर दवाखान्यात काय सांगायचं?

उत्तर: ‘बधिर झालंय’ एवढ्यावर थांबू नका. ठणका किती आहे, घाम कधी सुटला, हातपाय गार आहेत का, उलटी झाली का, हे सांगा. विष उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात पुष्कळ जीव वाचवले, आणि ते जितकं लवकर पोटात जाईल तितकं चांगलं. मण्यारीची शंका असेल तर दुखत नाही म्हणून सकाळची वाट पाहू नका. तिचा दंश बहुधा दुखतच नाही.