इंजिन एकच, तरी घाटात एक गाडी पळते आणि दुसरी दमते, असं का?

साताऱ्याचा गाडीवाला:
माझ्याकडे सहाटायरी दोन गाड्या आहेत. दोन्ही २०१८ च्या, बीएस-४, इंजिन तेच, कागदावर हॉर्सपॉवरही तीच. थोरली मी शोरूममधून काढली, धाकटी गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. भोसरीहून कोल्हापूरला पत्रा भरतो, दोन्हीत साधारण नऊ टन. खंबाटकी चढताना थोरली लगेच दम टाकते, गिअर खाली घ्यावाच लागतो. धाकटी त्याच वळणाला वरच्याच गिअरवर राहते आणि पाय दिला की उचलते. थोरलीचे एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलले, पण फरक नाही. भाऊ म्हणतो विकून टाकू. या गाडीवर आमचं घर उभं राहिलंय, मन होत नाही.

जुना फिटर:
विकू नका दादा. सपाटीला, वरच्या गिअरला, दीड हजार आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) दोन्हींचा वेग किती ते बघून सांगा.

साताऱ्याचा गाडीवाला:
थोरली ५०, धाकटी ४३. टायर एकाच मापाचे.

जुना फिटर:
मग फरक हाऊसिंगमध्ये, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या पेटीत आहे. तिथे पिनियन हे छोटं दातेरी चाक क्राऊन या मोठ्या चाकाला फिरवतं. थोरलीत ७-४१ चा क्राऊन-पिनियन असणार, म्हणजे पिनियनला ७ दात आणि क्राऊनला ४१; धाकटीत ६-४१ चा. ४१ भागिले ७ म्हणजे ५.८६, भागिले ६ म्हणजे ६.८३. त्याच गिअरला धाकटीच्या चाकावर १६-१७ टक्के जास्त ओढ येते. इंजिन तेवढाच जोर लावतं, फक्त तिची पहार लांब आहे. हॉर्सपॉवरचा आकडा एकाच आरपीएमचा असतो. घाटात तुम्ही हजार-बाराशेवर रखडता तिथे तो कामाचा नाही.

खात्री करायची तर रिकामी गाडी सपाट जागी लावा. बाकी चाकांना ठोकळे द्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. मागची एक बाजू जॅकवर घेऊन खाली घोडी (लोखंडी टेकू) लावा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरं जमिनीवर थांबलेलं, म्हणून दोन फेऱ्यांत क्राऊनचा एक होतो) आणि प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या लांब दांड्यावर, खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. सहाला थोडे कमी आले तर ७-४१, सातला थोडे कमी आले तर ६-४१.

रात्रीची लाईन:
फिटरकाकांचं बरोबरच आहे, तरी थोरलीच्या इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करून इंजिनला देणाऱ्या जाळीच्या, होजवरून (रबरी नळीवरून) एकदा हात फिरवा. क्लिपपाशी तेलकट काजळी लागली तर तिथून हवा निसटतेय. टर्बोची हवा गेली की पाय दिल्यावर गाडी उशिरा उचलते. आमच्या गाडीचा होज खालच्या बाजूने चिरला होता, वरून काहीच दिसत नव्हतं. आणि डॅशबोर्डवर हलक्या-जड लोडचं बटण असेल तर ते कुठे आहे बघा. ते हलक्यावर राहिलं तर ईसीएमच (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल आवरतं.

साताऱ्याचा गाडीवाला:
काल दुपारी मोजलं. मी चाक फिरवत होतो, भाऊ खाली वाकून शाफ्ट बघत होता. थोरली सहाला थोडी कमी, धाकटी सातला थोडी कमी. बटण जडवरच होतं. होज मात्र बोटाला काळा लागला, क्लिप ढिली होती, ती आवळली. आता उचल जरा लवकर घेते. क्राऊन बदलत नाही; सोलापूरच्या सपाट भाड्याला थोरली लावतोय, कोल्हापूरला धाकटी. भावाने विकायचा विषय सोडला. काका, फार उपकार झाले.