अनुभव धागा: बालवाडीत घालायचं की वर्षभर थांबायचं?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जाणत्यांनी नेमकं लिहावं: तारखा, कागद, खर्च.

बालवाडी शिक्षिका, शहापूर
आधी जन्ममहिना बघा; बालवाडी कधी सुरू करायची ते पहिलीच्या वयावरून मागं मोजायचं. कर्नाटकात पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पुरी लागतात. (२०२५-२६ला ५ वर्षे ५ महिन्यांची सूट होती, ती त्या वर्षापुरती. दरवर्षीचं परिपत्रक बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात बघावं.) म्हणजे जुलै-ऑगस्टची मुलं आपोआपच वर्गात मोठी. प्रश्न उरतो एप्रिल-मेच्या मुलांचा. त्यांतली ऐपतवाल्या घरची थांबतात आणि सात पुरी करून पहिलीत येतात. त्याच बाकावर जेमतेम सहाचं मूल बसतं, कारण त्याच्या आईला यंत्रमागावर जायचं असतं. ते पेन्सिल मुठीत धरतं, सूचना अर्धीच ऐकतं आणि पहिल्या चाचणीतच 'ढ' ठरतं. हा फरक निव्वळ वयाचा, वरच्या वर्गांत तो कमी होत जातो; शिक्का मात्र राहतो. शिक्षकांनी हजेरीपटावर नावापुढे जन्ममहिना लिहावा. वही तपासताना उपयोग होतो.

शिक्षक, चंदगड
महाराष्ट्रात सहा पुरी व्हायची तारीख ३१ डिसेंबर. सप्टेंबरचं मूल सीमेवरच्या आमच्या शिनोळीत पावणेसहाला पहिलीत बसतं, बेळगावात पावणेसातला. घर हलवणार असाल तर टीसी काढण्याआधी पलीकडच्या शाळेत वयाचं विचारा.

अंगणवाडी सेविका, खानापूर तालुका
थांबायचा खर्च कुणी मांडत नाही. पैसेवाल्यांकडे तो प्लेग्रुपची आणखी एक फी. रोजगाराला जाणाऱ्या आईची वर्षाची मजुरीच बुडते. अंगणवाडी तीन ते सहा वयाला मोफत, जेवणासकट. पण ती सुटते तेव्हा शेतातलं काम सुटलेलं नसतं. मग धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण शाळा बुडवते. म्हणून 'थांबवा' हा सल्ला देण्याआधी घरी कोण असतं ते विचारा.

थांबवलंच, तर वर्ष टीव्हीपुढे घालवू नका. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, पावटा सोलणं, कणकेचे गोळे, शर्टाची बटणं: बोटांत जोर येतो. नंतर जाड खडू, रेघी वही सगळ्यात शेवटी. लघवी लागल्याचं सांगणं, डबा आपल्या हातानं खाणं, दोन कामं एका दमात ऐकून करणं, दहा मिनिटं गोष्ट ऐकणं एवढं जमलं की मूल तयार समजा.

कन्नड विषय शिक्षिका, मराठी शाळा
कर्नाटकाच्या २०१५च्या कायद्यामुळे कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. लहान मुलाची दमछाक होते ती मराठी, कन्नड, इंग्रजी अशा एकदम तीन लिप्या आल्यानं. बालवाडीत कन्नड कानावरच पडू दे: ओंदु, एरडु, मूरु, गाणी, बाजारातलं बोलणं. देवनागरी अक्षरं पक्की झाल्यावर कन्नड अक्षरं घ्या.

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी
जन्मदाखला आणि आधारवरची तारीख जुळते का ते प्रवेशाआधी बघा. चुकली असेल तर जन्मदाखल्यावरून आधार दुरुस्त करा. जुन्या पिढीत गुरुजींनी अंदाजानं लिहिलेल्या १ जूनच्या कितीतरी तारखा आहेत, तसं आता करू नका. सॅट्समध्ये (कर्नाटकातल्या विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) चढलेली तारीखच पुढे दहावीच्या गुणपत्रिकेवर जाते, आणि ती बदलायला कोर्टापर्यंत जावं लागतं.