वर ले-आउट वाढतायत, खालचा नाला रुंद करायचा तर पैसे कुणी द्यायचे?

खालची_आळी:
नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीमागून नाला जातो. वरच्या अंगाला सगळं माळरान होतं, तिथे आता ले-आउट पडतायत. जोराची सर आली की मोरी तुंबते आणि पाणी थेट रस्त्यावर. नाला रुंद करून काँक्रीटचा करायचा प्रस्ताव आहे, पण खर्चावरून बैठकीत नुसती हमरीतुमरी. आम्ही म्हणतो बिल्डरांनी द्यावा. ते म्हणतात, नाला आधीपासूनच अपुरा होता. पुढच्या बैठकीत काय मांडावं?

उतार_मोजणारा:
दोघांचंही खरं आहे. कुणाचं किती, ते गणितातून निघतं. नोकरीभर नाल्यांचीच कामं केली, म्हणून सांगतो: वाटणीवर भांडण्याआधी विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी येणार ते, ठरवून घ्या.

लहान पाणलोटाला रॅशनल पद्धत चालते. अपधाव गुणांक (पावसाचा किती हिस्सा जमिनीवरून वाहून जातो तो) गुणिले पावसाची तीव्रता (तासाला मिमी) गुणिले क्षेत्र (हेक्टर), भागिले 360. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. समजा पाणलोट 40 हेक्टरांचा, माळरानाचा गुणांक 0.3, तीव्रता 60. विसर्ग आला 2. आता तिथे छपरं, रस्ते, फरशा झाल्या की गुणांक जातो 0.65 वर. शिवाय पाणी नाल्यापर्यंत लवकर पोचतं, म्हणजे कमी वेळेच्या, जास्त तीव्रतेच्या सरीचा हिशोब धरावा लागतो; 75 धरा. विसर्ग झाला 5.4. क्षेत्र तेवढंच, पाणी अडीच पटीहून जास्त.

आता तुमचा नाला प्रत्यक्षात 1.5च वाहून नेतो असं धरा. वाढवायची क्षमता 3.9. त्यातली 0.5 जुनी तूट, ती आजच्या रहिवाशांची, म्हणजे सार्वजनिक निधीतून. उरलेली 3.4 नव्या बांधकामाची. साधारण एक अष्टमांश आणि सात अष्टमांश. हे आकडे नमुन्याचे, तुमचे मोजून घ्या. पण जुनी तूट आपणहून कबूल केलीत की बिल्डरांच्या वकिलाला बोलायला फारसं उरत नाही.

आणि हो, विसर्ग आजच्या बांधकामावर काढू नका. विकास आराखड्याप्रमाणे सगळं भरल्यावर काय होईल त्यावर काढा. नाहीतर नाला बांधून होईपर्यंत तोकडा पडलेला असेल.

माळावरचा:
एवढं कशाला? प्रत्येक ले-आउटला पाणी अडवायचं तळं सक्तीचं करा. नाला आहे तसा राहू दे.

उतार_मोजणारा:
तळी हवीतच, पण ती कुठेही बांधून चालत नाहीत. पाणलोटाच्या खालच्या टोकाचं पाणी एरवी आधी निघून जातं. ते तळ्यात अडवून उशिरा सोडलं तर नेमकं वरून येणाऱ्या लोंढ्यात मिसळतं आणि खालची पातळी उलट वाढू शकते. म्हणून सगळ्या तळ्यांचा हायड्रोग्राफ, म्हणजे कोणत्या वेळी किती पाणी येतं त्याचा आलेख, एकत्र मांडून बघावा लागतो. एकेका ले-आउटचा सुटा दाखला बघून मंजुरी देणं म्हणजे कागद रंगवणं. शिवाय जुनी तूट तळ्यांनी आपोआप भरत नाही.

काँक्रीटबद्दलही सांगतो. गवत वाढलेल्या मातीच्या नाल्याचा मॅनिंग गुणांक (तळ-काठांचा खडबडीतपणा) 0.035 धरला आणि काँक्रीटचा 0.015, तर त्याच मापात, त्याच उतारावर दुपटीहून जास्त पाणी जातं. बैठकीत हे ऐकून सगळे खूश होतात. पण वेगही तितकाच वाढतो, आणि अस्तर संपतं तिथे काठ खचायला लागतात. खालच्या वस्तीचा नंबर मग पुढच्या पावसाळ्यात.

खालची_आळी:
काका, हिशोब पटला. पण बिल्डरांचा वाटा ज्यातून घ्यायचा ते विकास शुल्क येणार प्लॉट विकले जातील तसं, हप्त्याहप्त्याने. नाला तर आत्ता हवाय.

उतार_मोजणारा:
खरी अडचण हीच. आधी कर्ज काढून काम आणि शुल्कातून परतफेड, हा एक मार्ग. बांधकामं थंडावली तर हप्ते अंगावर येतात, म्हणून सगळं एकदम करू नका. पहिल्या टप्प्यात जागा ताब्यात घ्या: नाल्याची पूर्ण रुंदी आणि मशीन फिरेल एवढी पट्टी. काठावर भिंती उभ्या राहिल्या की तीच जागा आवाक्याबाहेर जाते. मग बांधकाम खालून वर. वरचा भाग आधी रुंद केलात तर पाणी तुमच्याच मोरीवर आदळेल. एखादा बिल्डर आपल्या हद्दीतला तुकडा स्वतः बांधतो म्हणाला तर शुल्कात वजावट द्या, पण तळाची लेव्हल आराखड्यातलीच.

गाळ काढायचा खर्च मात्र या शुल्कात घुसवू नका. शुल्क एकदाच येतं, गाळ दरवर्षी. त्यासाठी छप्पर-फरशीच्या क्षेत्रफळावर छोटा वार्षिक आकार लावा, जुन्या-नव्या सगळ्यांना.

खालची_आळी:
मोरीची मापं आणि फोटो टाकतो. बघाल का?

उतार_मोजणारा:
टाका. रस्त्यावरून काढू नका, तोंडासमोर उतरून काढा. तळातला गाळ दिसला पाहिजे, आणि आतून एखादा पाण्याचा पाइप आडवा गेला असेल तर तोही. त्याला प्लास्टिक अडकून अर्धी मोरी बंद झालेली पुष्कळदा बघितली आहे.