आईबाबांच्या लग्नाची पन्नाशी : साठ माणसं, पंचेचाळीस हजार आणि माळ्यावरची ट्रंक

पोटमाळा

नमस्कार मंडळी. येत्या २३ मेला (२०२६) माझ्या आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतात. लग्न पुण्यातच झालं होतं, १९७६ साली. दादा, मी आणि धाकटी बहीण मिळून घरगुती कार्यक्रम करायचं ठरवतोय. साधारण ६० माणसं, त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची. बजेट ४५ हजार, ओढूनताणून ५०.

एका सजावटवाल्याकडे चौकशी केली. त्याने 'रेट्रो थीम'चे ३८ हजार सांगितले, जेवण वेगळं. त्यात भाड्याचा ग्रामोफोन, भाड्याची सायकल आणि थर्माकोलची बैलगाडी. अहो, आमचे बाबा बँकेत होते. बैलगाडीत बसले असतील तर एकदाच, तेही हुरड्याला गेलो होतो तेव्हा.

तेव्हा घरातलंच जुनं काढायचं आणि बाकीचं हाताने करायचं, असं चाललंय. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेलं: लग्नाचा अल्बम (काळ्या पानांचा, मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद), तीन पत्रिका, आईचा शालू, दोन पितळी समया, लग्नात आलेली नावं घातलेली भांडी आणि बाबांचा ट्रान्झिस्टर. तो बंद आहे.

हॉल कुठे बघू, आमंत्रण कसं करू, आणि सजावट शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी दिसू नये म्हणून काय करू? हात माझे बरे चालतात, दादाचे अजिबात नाहीत.

पेठकर

पहिली गोष्ट, थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. त्या बैलगाडीला तिथल्या तिथे रामराम करा.

दुसरी, तुमचं नशीब जोरावर आहे. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिकात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत. ऐन मे महिन्यात कार्यालयं ओस. एरवी या दिवसांत फोनही न उचलणारे लोक आता घासाघीस करू देतील. अर्धा दिवस मागा, 'फक्त हॉल आणि स्वयंपाकघर' असा भाव काढा, आणि खुर्च्या, पाणी, सफाई त्यात धरलेली आहे का ते लिहून घ्या. गेल्या वर्षी आम्हाला हॉल स्वस्तात मिळाला आणि वीज 'मीटरप्रमाणे' म्हणून तीन हजार वर लागले. तोंडी काही ठेवू नका.

निवांत_नानी

अधिकात लग्नाचा वाढदिवस चालतो का, असं कोणीतरी मावशी विचारतीलच. वाढदिवस म्हणजे काही संस्कार नव्हे, खुशाल करा. पुन्हा मुहूर्त, अंतरपाट, मंगलाष्टकं असा घाट घालायचा असेल तर मात्र आधी तुमच्या गुरुजींना विचारा.

आणि बाई, अधिक महिना म्हणजे जावयाचं वाण. धाकट्या बहिणीचं लग्न झालं असेल तर ३३ अनारसे त्याच दिवशी देऊन मोकळ्या व्हा. एका दगडात दोन पक्षी आणि एक जावई.

खटपट्या

आमंत्रणासाठी पोस्टकार्ड. अजूनही ५० पैशांना मिळतं. ६० माणसं म्हणजे फार तर ३५ घरं, साडेसतरा रुपयांत काम. मात्र एक मेख आहे: मजकूर छापलात की ते 'छापील पोस्टकार्ड' ठरतं आणि त्याला ६ रुपये लागतात. म्हणून हाताने लिहा, नाहीतरी मजा त्यातच आहे. हे काम दादाला द्या, अक्षर वाईट असलं तर आणखी छान. कोपऱ्यांना हळदीकुंकवाचं बोट. कुंकू कोरडं लावलं तर बॅगेत सगळ्या टपालाला लागतं, म्हणून पाण्यात कालवून लावायचं आणि पंख्याखाली वाळवायचं.

लहान पोस्टात एकदम ३५ कार्डं मिळतीलच असं नाही, आधी सांगून ठेवा. आणि पोस्टकार्ड पोचलंच असं धरू नका. फोन करायचाच. कार्ड हे दाराशी येणारं कौतुक, निरोप नव्हे.

हिरवी_बांगडी

सजावटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: विकत काहीच आणू नका. कपाटात ओटीत आलेले ब्लाउजपीस किती आहेत ते मोजा. आमच्याकडे ११४ निघाले. ते कोणी शिवत नाही, पुढच्या ओटीत फिरत राहतात. त्यांच्या त्रिकोणी पताका कापायच्या, वरची कड सुतळीवर दुमडून धावदोरा घालायचा. एका पिसातून आरामात १४-१६ पताका निघतात. खणाचे असतील ते मधे मधे घाला, काठामुळे भारदस्त दिसतं. पॉलिएस्टरचे धागे सुटतात, त्यांची कड मेणबत्तीच्या धगीवरून नुसती फिरवायची. हे काम मोठ्या माणसाने आणि खिडकीशी बसून करायचं.

रंग तीनच ठेवा, नाहीतर खरोखरच स्नेहसंमेलन होतं. हिरवा, डाळिंबी, हळदी. बाकीचे परत ओटीत.

आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरू नका! आमच्या आत्याच्या पंच्याहत्तरीला, एप्रिलच्या उन्हात, भाषण चालू असताना अख्खी माळ काकांच्या टकलावर उतरली. काकांनी ती हारासारखी गळ्यात घेतली आणि भाषण पुढे चालू ठेवलं, पण प्रत्येक घरात असे काका नसतात. खिळे, खुंट्या, खिडकीचे गज जिथे आहेत तिथेच सुतळी बांधा.

पोटमाळा

अधिकाचं लक्षातच नव्हतं, पेठकर! आज दोन ठिकाणी फोन केला, एका ठिकाणी चक्क "तुम्ही आकडा सांगा" म्हणाले. ब्लाउजपीस मोजले: ६२. आईच्या सहावाऱ्या मागे पडद्यासारख्या सोडायचा विचार आहे. शालूही. चालेल ना?

निवांत_नानी

शालू टांगू नका. पन्नास वर्षं घडीत राहिलेलं रेशीम आणि जरीची वीण घडीवरच चिरते, आणि एकदा चिरली की ती चीर धावत सुटते. टाचणी, स्टेपल, सेफ्टी पिन काही नको. एका टेबलावर पांढरं मऊ सुती कापड अंथरा, त्यावर शालू पसरून ठेवा, पदर तेवढा वर दिसू दे. शेजारी बायकांना हात पुसायला नॅपकीन ठेवा, कारण प्रत्येकजण हात लावून बघणारच. परत ठेवताना घडी जुन्या रेघेवर घालू नका, बोटभर सरकवून घाला.

टांगायला सुती इरकल किंवा नारायणपेठ घ्या. काठ आडवा नको, उभा.

पेठकर

फोटोंचं. अल्बममधले फोटो उपटून लावायला जाऊ नका, काळा कागद मागे चिकटून निघतो. पानासकट स्कॅन करा, ६०० डीपीआयला. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो असेल तर काचेसकट. प्रिंट मॅट कागदावर काढा, चकचकीत कागदावर कृष्णधवल फोटो मोबाईल जाहिरातीसारखा दिसतो. वीसच निवडा. दोनशे लावले की कोणी एकही बघत नाही.

सत्तरीतल्या माणसांसाठी प्रिंट निदान ८ बाय १० इंची, आणि बसल्यावर डोळ्यांसमोर येतील अशा उंचीवर. मी एकदा सुंदर दोरीवर, चिमट्यांनी, साडेपाच फुटांवर लावले होते. आजीने चष्मा दोनदा पुसला आणि मग म्हणाली, "खाली घे रे, मी काही जिराफ नाही."

खटपट्या

आता त्या भांड्यांवर या. ती खरी दौलत. नीट बघा, प्रत्येकावर नाव आणि तारीख टोचलेली असेल. हा प्रकार आता जवळपास गेलाच, पूर्वी भांड्यांच्या दुकानात माणूस बसलेला असायचा, ठक ठक करत टिंबाटिंबांनी अक्षरं काढायचा.

भांडी स्टेजवर नको, दाराशी एका लांब टेबलावर मांडा. ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी कोण येणार, कोणाची मुलं येणार याची यादी करा. माझ्या आईबाबांच्या वेळी एका चुलतभावाला त्याच्या वडिलांनी दिलेलं पातेलं सापडलं. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. तो पंधरा मिनिटं पातेलं हातात धरून उभा. त्याला कोणी जेवायला हाक मारली नाही.

हिरवी_बांगडी

पितळ घासायला चिंच-मीठ किंवा पितांबरी, आणि लगेच फडक्याने कोरडं करायचं, नाहीतर डाग उमटतात. पण आरशासारखं करू नका हो, जरा काळसर राहू द्या कोरीव भागात. आणि हौसेने त्यात वाढायला जाऊ नका. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट कळकतं, आमरस तर हमखास. वाढायचंच असेल तर कसबा पेठेत तांबट आळीच्या बाजूला विचारून आधी कल्हई करून आणा. नाहीतर नुसती मांडून ठेवा आणि स्टीलच्या बादलीतून वाढा. लग्नातही बादलीच होती, फोटोत दिसेल.

जर्सीतली_जाई

इकडे न्यू जर्सीत सासूसासऱ्यांची चाळिशी साजरी केली तेव्हा ट्रंक नव्हती, ट्रंक भारतात. म्हणून प्रत्येकाला 'त्या वर्षीची एक गोष्ट' पानभर लिहून आणायला सांगितली आणि सुतळीने बांधून वही केली. खर्च शून्य. दोनच जणांनी वेळेत दिलं, बाकीच्यांच्या मागे लागावं लागलं, म्हणून तुम्ही आत्ताच सुरुवात करा.

पेठकर

जेवण. तिथे काटकसर नको, तिथेच पैसे घाला. बुफे काढून टाका आणि पंगत करा. टेबल-पंगत, कारण गुडघे. ६० माणसं, तीस-तीसच्या दोन पंगती. वाढपी घरचीच पोरं, पण आदल्या दिवशी त्यांना ताट शिकवा: मीठ मधे, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. केळीचं पान असेल तर निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. माझा भाचा इंजिनिअर आहे, त्याने बारा पानांवर उलटं वाढलं.

मे अखेर म्हणजे आमरस-पुरी. रसाला पायरी घ्या, हापूसच्या मागे लागू नका. माणशी दीड मध्यम फळ, म्हणजे साडेसात डझन. आग्रह करणारी माणसं असतील तर नऊ. मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, कुरडई, वरणभात. दुसरं गोड नकोच. आचारी आणि सामान धरून माणशी साडेतीनशेत बसवता येतं, म्हणजे २१ हजार. फळं वेगळी धरा.

निवांत_नानी

मे म्हणजे मोगरा! फुलांची सजावट सोडा, झेंडूही नको. सकाळी मार्केट यार्डातून कळ्या आणायच्या, फुललेली फुलं नाहीत. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि दुपारी मावश्या-आत्यांना केळीच्या सोपटाचा दोरा देऊन गजरे करायला बसवायचं. संध्याकाळी हॉलमध्ये फुलतात. तो वास विकत मिळत नाही. पुरुषांना नुसती दोन फुलं खिशाला.

रिटर्न गिफ्ट वगैरे काही नको. गजरा, पानसुपारी, आणि अत्तरदाणी असेल तर मनगटाला अत्तर. आपल्या लग्नात तेवढंच होतं.

खटपट्या

समईबद्दल एक: मे महिन्यात पंखे पूर्ण वेगाने असणार, समई पाच मिनिटांत विझते. लोक अपशकुन वगैरे बोलायला लागतात. पंख्याच्या टप्प्याबाहेरचा कोपरा आदल्या दिवशी शोधून ठेवा. फुलांच्या पाकळ्यांची रांगोळीही त्याच कारणासाठी नको.

ट्रान्झिस्टर दुरुस्तीला द्या. बहुतेकदा सेल गळून पत्रा गंजलेला असतो, बाकी यंत्र ठणठणीत. नाहीच चालला तर आत एक छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवा. फसवणूक आहे, पण ग्रामोफोनएवढी नाही. तुमच्या घरी तो होता तरी कधी?

पोटमाळा

मंडळी, ठरलं. हॉल ९ हजार, वीज धरून, लिहून घेतलंय. जेवण आणि आंबे मिळून २७ हजारांच्या आसपास. पोस्टकार्डं, मोगरा, प्रिंट, कल्हई, विडे यांना ६ हजार. तीन हजार हाताशी राहतात, ते आईला सांगायचे नाहीत. पताकांच्या चार माळा झाल्या. दादाने १९ कार्डं लिहिली, एकावर स्वतःचंच नाव चुकवलं.

एक अडचण. सगळ्या भांड्यांची माणसं लागली, एक तांब्या सोडून. त्यावर नुसतं 'खोली नं. ९ कडून सप्रेम, २३-५-७६'. नाव नाही. टेबलावर ठेवू की नको?

हिरवी_बांगडी

ठेवा! अगदी पुढे ठेवा. आणि बाबांना विचारा, लग्नाआधी कुठे राहायचे ते.

पोटमाळा

विचारलं. शनिवार पेठेत खोली घेऊन राहायचे, नंबर आठ. नऊमध्ये मिरजेचे दोघे भाऊ होते. बाबांनी तांब्या हातात घेतला, उलटा करून बघितला, बराच वेळ बघत राहिले. नावं काही आठवली नाहीत. मात्र त्यातला धाकटा अजून सात रुपये देणं लागतो, हे पक्कं आठवलं.